ताण्यावरचे आभाळ

सकाळी दार उघडले की माणूस खाली बघतो. रात्रीतून उंबऱ्याशी काय येऊन पडले आहे ते बघतो आणि केरसुणीला हात घालतो. राजव्वा आधी वर बघायची. उजाडायच्या सुमारास ती दाराबाहेर यायची तेव्हा तिच्या हातात तिच्याहून दुप्पट उंच बांबू असायचा, टोकाला वाकवलेली तार बांधलेला. मान वर करून ती गल्लीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत चालत जायची. कुणाच्या पतंगाचा दोरा अडकला आहे, कुणी समोरच्या माडीपर्यंत दोरी बांधून ओले लुगडे वाळत घातले आहे, जे काही आडवे दिसेल ते तारेने अलगद खाली यायचे. एवढे झाले की मग ती खाली बघायची आणि सुनेला हाक मारायची, "भाग्यव्वा, आण आता ताणा."

माझी तिची ओळख या बांबूनेच करून दिली. मी केम गावचा. सोलापुरात प्राथमिक शाळेवर मास्तरकी लागली आणि विणकरांच्या या गल्लीत माडीवरची खोली स्वस्तात मिळाली, म्हणून तिथे राहायला आलो. पहिल्याच संध्याकाळी धोतर धुतले आणि समोरच्या खिडकीच्या गजापर्यंत दोरी ताणून वाळत टाकले. सकाळी बघतो तर धोतर नाही. सोलापूरचे चोर इतके गरजू असतील असे वाटले नव्हते. तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली आणि दारात एक ठेंगणी, सावळी, कपाळावर गोंदण असलेली बाई येऊन उभी राहिली. हातात माझे धोतर, पिळून, नीट घडी घातलेले.

"पंतुलू, हे घ्या. पडलं न्हाई, मी काढलं."

तेलुगूत मास्तराला पंतुलू म्हणतात हे मला नंतर कळले. त्या वेळी ती शिवी वाटली. माझ्या धोतराने तुमचे काय घोडे मारले, असे मी चढ्या आवाजात विचारले. ती चिडली नाही. "ठिबकतंय की," म्हणाली. "खाली आमचा ताणा असतोय. चला, दावते."

त्या सकाळी मी पहिल्यांदा पांजणी पाहिली. मागावर चढवायचे उभे सूत म्हणजे ताणा. तो गल्लीभर लांब पसरून बांबूच्या कैच्यांवर ताणला होता आणि दोन्ही बाजूंनी घरातली माणसे मोठाले कुंचे घेऊन त्याला खळ पाजत पुढेमागे चालत होती. एकदा खळ लावली की सूत वाळेपर्यंत कुंचा थांबवता येत नाही. थांबला की धागा धाग्याला चिकटतो आणि सगळा ताणा वाया जातो. एवढी लांब जागा कुणाच्याच घरात नव्हती, म्हणून पहाटेपासून ऊन चढेपर्यंत गल्ली सुताची, असा तिथला रिवाज होता. राजव्वा त्या रिवाजाची राखणदार होती. तिला कुणी नेमले नव्हते, आणि काढून टाकायची कुणाची छाती नव्हती.

नवरा लवकर गेला. मुलगा सायन्ना तेव्हा रांगत होता. त्याला मागाच्या खड्ड्याशेजारी झोळीत टाकून तिने विणले आणि वाढवले. घरात ती तेलुगू बोलायची, सूत देणाऱ्या व्यापाऱ्याशी कानडी, आणि माझ्याशी बाजारात उचललेले मराठी. तिन्ही भाषांत तिचा आवाज सारखाच होता, समोरच्याला बहिरा धरून चालणारा. कौतुक करायचे तिला फारसे जमत नसे. सायन्नाने जीव ओतून विणलेले कापड ती बोटांत धरून बघायची आणि म्हणायची, "बरं हाय. विकल की." मला मात्र रोज एक प्रश्न ठरलेला. "काय पंतुलू, शाळेत पोरास्नी वर बगायला शिकवता का न्हाई?" मी म्हणायचो, पुस्तकात बघायला शिकवतो. "मग व्हय," ती म्हणायची, "म्हणूनच धडपडतेत."

एकदा गल्लीत वरात आली. नवरामुलगा विणकराचाच, पलीकडच्या पेठेतला. मुहूर्त सकाळचा, वाजंत्री पुढे, आणि गल्लीच्या मध्यावर शेजाऱ्यांचा ताणा ओला. राजव्वा बांबू आडवा धरून घोड्यापुढे उभी राहिली. वरबाप तणतणला, मुहूर्त टळतोय म्हणाला. तिने एवढेच सांगितले, "ओलं सूत थांबत न्हाई. माणूस थांबतो." नवरदेव शहाणा निघाला. घोड्यावरून उतरला, मुंडावळ्या कानामागे सारल्या आणि स्वतःच एक कुंचा हातात घेतला. हात वाढले तसा ताणा लवकर वाळला, मुहूर्तही साधला. नंतर पंगतीत कुणीतरी तिला डिवचले, "आज वरात अडवली, उद्या मयत आली तर?" राजव्वाने तोंडातला घास संपवला. "थांबल की," म्हणाली. "त्याला तर कसलीच घाई न्हाई."

मग एकोणीसशे तिसाच्या दशकातली ती म्युनिसिपल निवडणूक आली आणि राजव्वाच्या बांबूला खरे काम लागले.

आमच्या भागातून दोघे उभे होते. एक नव्या पेठेतले सुताचे व्यापारी मल्लिनाथअप्पा आणि दुसरे एक वकीलसाहेब. अक्षरओळख नसलेल्यांसाठी मतपेट्यांना रंग दिलेले होते. अप्पांची पेटी लाल, वकिलांची हिरवी. त्यामुळे सगळे गाव दोन रंगांत न्हाऊन निघाले. आधी हस्तपत्रके आली. दोन्ही बाजूंच्या पोरांनी ती ज्वारीच्या पिठाची खळ करून आमच्या भिंतींवर डकवली आणि गल्लीतल्या शेळ्यांनी ती दुपारपर्यंत चाटून, फाडून खाल्ली. शेळ्यांनी लाल आणि हिरवे असा भेद केला नाही. राजव्वा उंबऱ्यावर बसून ते बघत होती आणि इतकी हसत होती की तिला ठसका लागला.

कापडी फलक आला तेव्हा ती हसली नाही. अप्पांच्या माणसांनी संध्याकाळी एक भलामोठा लालभडक मांजरपाटाचा फलक गल्लीच्या मधोमध, या माडीपासून त्या माडीपर्यंत आडवा बांधला. ती बांबू घेऊन निघाली तसा सायन्ना दारात आडवा झाला. त्याचेही खोटे नव्हते. गल्लीतल्या बहुतेक मागांवर अप्पांचे सूत होते. अप्पा सूत द्यायचे, विणलेले कापड घ्यायचे आणि मजुरी द्यायचे. अप्पांनी हात आखडला तर माग बंद पडणार होते. "अव्वा, लई उंच हाय ते," सायन्ना म्हणाला. "ताण्याला कुटं लागतंय? चार दिस राहू दे की." भाग्यव्वाही रडकुंडीला आली होती. राजव्वाने मुलाकडे पाहिले, सुनेकडे पाहिले आणि बांबू भिंतीला टेकवून ठेवला. मी तिला हार मानताना पाहिले ते तेवढे एकदाच.

रात्री अवेळी पावसाची एक सर पडून गेली. पहाटे तिने वर पाहिले असणारच. पण काढायचे नाही असे ठरले होते. घरचाच ताणा होता, उपरण्यांचा, पांढराशुभ्र. खळ लावून झाली, कुंचे फिरू लागले आणि वरून पहिला लाल थेंब पडला. स्वस्त रंग, ओला मांजरपाट. मग थेंब पडतच राहिले. मी गॅलरीतून बघत होतो. वाटले, आता ही आकाशपाताळ एक करणार. पण तिने कुंचा थांबवला नाही. डाग पडलेला ताणा तिने आणि मुलासुनेने शेवटपर्यंत पाजला, वाळवला आणि गुंडाळून आत नेला. मग तिने बांबू उचलला, फलक खाली घेतला, पिळला, त्याची नीट घडी घातली आणि ती डोक्यावर ठेवून नव्या पेठेची वाट धरली. रविवार होता. मी चपला घालून मागे निघालो. मदत करायला निघालो असे मला सांगता आले असते, पण खरे तर मला बघायचे होते.

अप्पा गादीवर लोडाला टेकून बसले होते. कपाळाला विभूती, पुढ्यात प्रचाराची माणसे. राजव्वाने घडी त्यांच्यासमोर ठेवली.

"अप्पा, हे तुमचं. तुमच्या दारावर लावा, शोभून दिसल."

अप्पांना आधी गंमत वाटली. डागांचे कळले तेव्हा त्यांनी हात झटकला. "सूत माझं, डाग बी माझे. ती उपरणी मी घेतो, रंगवून विकतो. तू कशाला डोक्याला ताप करून घेतीस?"

"सूत तुमचं, खरं हाय," ती म्हणाली. "पण ताण्यावरचं आभाळ ताण्याचं. आज माझ्यावर ठिबकलं, उद्या शेजारनीवर ठिबकल. तिचं सूत तुमचं नसलं तर?"

"म्युनिसिपालटीच्या नियमात बसतंय ते," गादीवरून एक जण बोलला.

"मग नियमाला सांगा, पहाटं येऊन कुंचा धर."

बसलेल्यांपैकी कुणीतरी हसले. ते हसणे अप्पांना लागले असावे. त्यांचा चेहरा उतरला आणि ते सावकाश म्हणाले, "राजव्वा, फलक उद्या परत लागणार. पटत नसंल तर सूत दुसरीकडनं घे."

"घेते," राजव्वा म्हणाली आणि जिना उतरली.

दुसरीकडचे सूत मिळाले नाही. एका व्यापाऱ्याशी वाकडे आलेल्या विणकराला दुसरा व्यापारी सहसा हात लावत नसे. घरातले दोन्ही माग बंद पडले. मागाचा आवाज ज्या घरात अखंड असतो ते घर तो थांबला की किती रिकामे वाटते हे मी तेव्हा पाहिले. सायन्ना मिलमध्ये बदली कामगार म्हणून रोज फाटकापाशी उभा राहू लागला. सासू-सुना शेजाऱ्यांच्या मागांसाठी कांड्यांवर सूत भरून देऊ लागल्या. अप्पांची माणसे रोज संध्याकाळी फलक बांधत. राजव्वा रोज पहाटे तो काढी, घडी घाली आणि नव्या पेठेत पोचवून येई. एकदाही तिने तो फाडला नाही, की मातीत टाकला नाही. मी विचारले तेव्हा म्हणाली, "कुणीतरी विणलाय की तो बी."

वकीलसाहेबांच्या गोटात आनंद झाला. म्हातारी आपली झाली असे समजून त्यांनी एक हिरवा फलक आणून लाल फलकाच्या जागेशेजारी बांधला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो खाली आला आणि घडी होऊन वकीलसाहेबांच्या ओसरीवर गेला. वकीलसाहेब समजूत घालू लागले, "अहो बाई, मी तुमच्याच बाजूचा." ती म्हणाली, "मग तुमचा रंग तरी पक्का लावायचा." आता दोन्ही पक्ष नाराज झाले. गंमत अशी, की राजव्वाला स्वतःला मतच नव्हते. घर भाड्याचे, यादीत नाव नाही. पण स्वतःच्या घरात राहणारी, मत असलेली काही कुटुंबे गल्लीत होती आणि ती तिच्या शब्दाबाहेर नव्हती. दोन्ही उमेदवारांना ते ठाऊक होते.

"पंतुलू, अर्ज लिहा," एका संध्याकाळी ती माझ्या खोलीत येऊन म्हणाली. "रोज एक बांबू पुरायचा न्हाई. माझ्या मागं कोन काढंल? नियमच पायजे."

मी अर्ज लिहिला आणि तिच्याबरोबर म्युनिसिपालटीच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी नियम वाचून दाखवला. देवळावर, शाळेवर, विहिरीवर फलक लावायचा नाही. कुणाच्या भिंतीवर लावायचा तर घरमालकाची संमती हवी. रस्त्यावर आडवा लावायचा तर खालून कडब्याने भरलेली गाडी गेली पाहिजे. आमच्या गल्लीतला फलक कडब्याच्या गाडीहून उंच होता. माड्यांच्या मालकांची संमती होती. मग नियम मोडला कुठे?

"गाडीचा इचार केला, सुताचा न्हाई केला," राजव्वा म्हणाली. "साहेब, एकदा पहाटं या की बगायला."

माणूस भला. खरोखरच आला. स्वच्छ पांढरा कोट, खांद्यावर जरीकाठी उपरणे. शेजाऱ्यांचा आखूड ताणा गल्लीच्या अर्ध्या भागात चालू होता, म्हणून ती त्यांना त्याच्या टोकापलीकडे, लटकत्या लाल फलकाखाली घेऊन गेली. त्या दिवशी तिने तो मुद्दाम काढला नव्हता. "उभारा की हितं," म्हणाली. साहेब उभे राहिले. सायन्ना माडीवर पाण्याची घागर घेऊन तयार होता.

"आता तुमचं उपरणं जरा असं पुढं पसरा. सायन्ना पाणी घालतोय फलकावर."

साहेबांनी वर पाहिले. वर लाल कापड, त्याच्यामागे घागर. त्यांनी नकळत उपरणे छातीशी धरले आणि दोन पावले मागे सरकले. पाणी घालावे लागलेच नाही. कुंचे धरून चालणाऱ्या बायांनी ते पाहिले आणि एकही हसली नाही, हे मला विशेष वाटले.

"बगा," राजव्वा शांतपणे म्हणाली. "तुमाला तुमचं लागतं. आमाला बी आमचं लागतं."

आठवड्याच्या आत दवंडी फिरली. ज्या गल्ल्यांत सुताला खळ लावण्याची वहिवाट आहे तिथे कोणत्याही उमेदवाराचा फलक आडवा लावता येणार नाही. लावायचा तो गल्लीच्या तोंडाशी, बाजूला खांब पुरून, आणि मतदान झाले की ज्याचा त्याने उतरवायचा. दवंडीवाला आमच्या गल्लीत आला तेव्हा राजव्वाने त्याला ती दोनदा म्हणायला लावली.

नियम झाला म्हणून सूत आले नाही. घरात चूल एकवेळ पेटत होती आणि सायन्ना आईशी बोलेनासा झाला होता. मतदानाला थोडे दिवस उरले असताना एका पहाटे मल्लिनाथअप्पा स्वतः मते मागायला आले. गल्लीत ताणा ओला होता. अप्पा तोंडाशीच, आपल्या लाल फलकाच्या खांबाजवळ थांबले. बरोबरच्या माणसाने वाकून ताण्याखालून जायचा सल्ला दिला. अप्पांनी मान हलवली आणि उभे राहिले, ऊन तोंडावर येईपर्यंत. राजव्वा शेजारणीच्या ताण्यावर कुंचा फिरवत होती. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि काम चालू ठेवले. सूत वाळले, गुंडाळले गेले, तेव्हा ती हात पुसत तिथे गेली.

"बोला, अप्पा."

अप्पांनी कपाळावरचा घाम पुसला. "सूत पाठवून देतो," ते म्हणाले. "सांजच्याला."

सायन्ना माझ्याबरोबर दारात उभा होता. तो एक पाऊल पुढे आला.

"आत्ता नगं," राजव्वा म्हणाली. "आत्ता घेतलं तर लोक म्हणतील, राजव्वानं गल्लीची मतं सुतावर इकली. तुमाला बी नाव, मला बी नाव. पेट्या उघडल्यावर द्या. निवडून आलात तरी द्या, पडलात तरी द्या. द्यायचं नसलं तर नका देऊ."

सायन्ना तिथून निघून गेला. मला त्या वेळी तिचा राग आला. स्वतःच्या पोरासुनेच्या तोंडचा घास लोकांच्या तोंडाला भिऊन दूर लोटते, असे वाटले. पण ती लोकांना भीत नव्हती. तिने अप्पांना आणि वकिलांना एकाच मापाने मोजले होते आणि ते माप तिला शेवटपर्यंत सरळ ठेवायचे होते. ते दिवस त्या घराने कसे काढले ते मी जवळून पाहिले आहे.

अप्पा निवडून आले. पेट्या उघडल्या त्याच संध्याकाळी त्यांचा माणूस सुताचे गठ्ठे घेऊन आला. राजव्वाने गठ्ठा हुंगला, बोटांनी चाचपला आणि म्हणाली, "बरं हाय." दुसऱ्या दिवशी पहाटे मी मागाच्या आवाजाने जागा झालो आणि तसाच पडून ऐकत राहिलो.

पुढच्या निवडणुकीच्या धामधुमीत ती गेली. फार आजारी नव्हती. ताप आला, उतरला, परत आला. बांबू तिने अंथरुणाशेजारी ठेवून घेतला होता. त्या पहाटे सायन्नाने घरचा ताणा गल्लीत काढला होता आणि खळ लावून नुकतीच संपली होती. भाग्यव्वा दारात आली आणि म्हणाली, "अत्तम्मा गेल्या." सायन्नाच्या हातून कुंचा गळून पडला. तो आत धावला. बाकीचे जागीच थिजले. सूत ओले, कुंचे थांबलेले, कुणाला काही सुचेना.

भाग्यव्वा पायरी उतरली. पदराने डोळे पुसले, नवऱ्याचा पडलेला कुंचा उचलला आणि सुताला लावला. "काय म्हणायच्या त्या?" एवढेच ती म्हणाली. ते पुरे ऐकायची कुणालाच गरज नव्हती. कुंचे पुन्हा फिरू लागले. थोड्या वेळाने सायन्ना बाहेर आला, आणि मीही माडीवरून उतरलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुंचा हातात धरला. बाया रडत होत्या आणि चालत होत्या.

बातमी पसरली तशी माणसे जमली. मल्लिनाथअप्पा हार घेऊन आले; त्यांच्याविरुद्ध यंदा उभा असलेला उमेदवारही आला. दोघे गल्लीच्या तोंडाशी, आपापल्या फलकांच्या खांबांजवळ उभे राहिले. कुणी त्यांना थांबा म्हटले नाही. उंबऱ्याच्या आत राजव्वा झोपली होती आणि तीही थांबली होती.

ऊन चढले. ताणा वाळला. सायन्नाने तो गुंडाळून घरात नेला, मागाजवळ ठेवला आणि परत आला. तिरडी उचलायला चौघे वाकले. सायन्नाने खांदा देण्याआधी मान वर केली आणि गल्लीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत पाहिले. आभाळ मोकळे होते. मग त्याने खाली पाहिले आणि पाऊल उचलले.